मूकपटांच्या काळातील सिनेमागृहे : सातारा-सांगलीच्या वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतून जुन्या सिनेमागृहांविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक स्वरूपाचे आहेत. कायदा, संस्थानी हद्दी आणि घरात सापडणारी रिळे हे गुंतागुंतीचे विषय पुढे येतात. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मूकपटांचा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, तेथून हा काळ सुरू होतो असे मानण्यास हरकत नाही. दादासाहेब तोरणे यांचे ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 रोजी आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी, दोन्ही गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आले. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण असल्यामुळे पहिल्या भारतीय कथापटाचा मान सामान्यतः ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. मूकपट मात्र त्यानंतरही 1934 पर्यंत तयार होत राहिले. त्यामुळे ‘1931 मध्ये मूकपट संपला’ हे विधान निर्मितीच्या बाबतीत अपुरे आहे, आणि लहान शहरांतील प्रदर्शनाच्या बाबतीत तर ते अधिकच अपुरे ठरते (प्रश्न 13 पाहावा).

2. आमच्या शहरातले ‘पहिले सिनेमागृह’ कोणते, यावर वडीलधाऱ्यांत एकमत नाही. पहिले कोणते मानावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि वाद होतो तो बहुधा ‘पहिले’ म्हणजे काय हे आधी न ठरवल्यामुळे. शहरात झालेला पहिला खेळ, मैदानावर लागलेला पहिला तंबू, नाटकाच्या थिएटरात बसवलेले पहिले यंत्र आणि केवळ सिनेमासाठी परवाना घेऊन बांधलेली पहिली इमारत या चार वेगवेगळ्या घटना असून त्यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. एका घरातले आजोबा तंबूची आठवण सांगतात, दुसऱ्या घरातले आजोबा इमारतीची. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून आठवण टिपून घेताना आधी चार गोष्टी विचाराव्यात : डोक्यावर छप्पर होते की कापड, बसायला जमीन होती की बाक, यंत्र हाताने फिरवत की विजेवर चालत असे, आणि चित्रपट कोणता होता. या उत्तरांवरून काळाचा अंदाज पुष्कळच पक्का होतो. पुण्यात गंगाधरपंत पाठक यांनी मंडईजवळ 1915 मध्ये आर्यन सिनेमा सुरू केला. आपल्या भागातील कायम सिनेमागृहांचा काळ जुळवताना ही तारीख जवळ ठेवावी.

3. तंबूतला सिनेमा म्हणजे नेमके काय असे?

अब्दुलअली इसूफअली हे या व्यवसायातले मोठे नाव आहे. 1901 पासून त्यांनी आग्नेय आशियात आणि 1908 ते 1914 या काळात हिंदुस्थानात तंबू फिरवला. त्यांचा तंबू सुमारे 100 फूट लांब आणि 50 फूट रुंद होता, चार खांबांवर उभा राहत असे आणि त्यात हजारभर माणसे मावत. पुढे त्यांनी अर्देशिर इराणी यांच्या भागीदारीत मुंबईत कायम सिनेमागृहे चालवली. ‘आलम आरा’ लागला ते मॅजेस्टिक याच भागीदारांचे. तंबूतून इमारतीकडे झालेला हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात दिसतो, म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे तंबूचा हंगाम पावसाने ठरवला. कृष्णाकाठी आणि घाटमाथ्याच्या बाजूला पावसाळ्यात तंबू उभा ठेवणे शक्य नव्हते. दिवाळीनंतर सुगी झाली, लोकांच्या हाती चार पैसे आले आणि जत्रा सुरू झाल्या, की खेळांनाही सुरुवात होत असे. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीच्या खंडोबाची यात्रा, चैत्रातली शिखर शिंगणापूरची यात्रा असे हे वेळापत्रक बोलपटांच्या काळातील टुरिंग टॉकीजनीही तसेच चालू ठेवले. तंबूत पडदा कधी यंत्र आणि प्रेक्षक यांच्या मधोमधही टांगला जाई. अशा वेळी कापडावर पाणी मारत, कारण ओल्या कापडातून उजेड अधिक चांगला आरपार जातो.

4. सांगली ही तर नाट्यपंढरी. तेथे नाटकाच्या थिएटरात सिनेमा दाखवत असत का?

नाट्यगृहात सिनेमाचे खेळ करण्याची पद्धत महाराष्ट्रभर होती, आणि त्यामागचे कारण व्यावहारिक होते. नाटक कंपनी मुक्कामाला येई आणि पुढच्या गावी जाई; मधल्या काळात थिएटर रिकामे राही. बसण्याची सोय, दारावरचा बंदोबस्त आणि तिकिटाची खिडकी तयारच असल्यामुळे पडदा आणि यंत्र आणले की खेळ सुरू करता येई. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले त्या सांगलीत खेळ पाहण्याची सवय तीन पिढ्या मुरलेली होती. सिनेमाला येथे प्रेक्षक नव्याने घडवावा लागला नाही. नटमंडळींचा ओढाही दोन्ही बाजूंना होता. दीनानाथ मंगेशकर यांनी पुढे बोलपटांच्या काळात सांगलीतूनच चित्रपटनिर्मितीचा उद्योग केला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एखादी इमारत 1900 च्या आधीची असेल, तर ती ‘तेव्हापासून सिनेमागृह’ ठरत नाही. इमारतीचे वय आणि तेथील सिनेमाचे वय या दोन्हींचा पुरावा स्वतंत्रपणे शोधावा.

5. आवाजच नव्हता, तर लोक अडीच-तीन तास शांत बसत होते का?

मूकपटाचे सिनेमागृह शांत कधीच नव्हते. पडद्याजवळ पेटी आणि तबला घेऊन वादक बसत, काही ठिकाणी सारंगी किंवा फिडलही असे. मोठ्या शहरांतील इंग्रजी चित्रपटांच्या थिएटरांत पियानो असे. लढाईला द्रुत लय, विरहाला संथ सूर, देव प्रकट झाला की भजनाची चाल, हे वादक पडद्याकडे पाहत ठरवत. याच कारणाने एकच मूकपट दोन गावांत सारखा ऐकू आला नसणार. आज हे चित्रपट संगणकावर निःशब्द पाहून ‘कंटाळवाणे’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांच्यासमोर अर्धाच खेळ आहे. उरलेला अर्धा त्या त्या गावचे वादक आणि प्रेक्षक मिळून उभा करत होते. त्यात यंत्राची घरघर, ओळखीचा प्रसंग येताच उठणारा जयघोष आणि प्रश्न 6 मधील निवेदकाचा आवाज मिसळलेला असे.

6. पडद्यावरील पाट्या वाचता न येणाऱ्यांना गोष्ट कशी कळत असे?

प्रसंगांच्या मधून लिखित पाट्या येत आणि त्या बहुधा एकाहून अधिक भाषांत असत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही इंग्रजीबरोबर देशी भाषेतील मजकूर होता. साक्षरता तेव्हा फार कमी होती, म्हणून अनेक सिनेमागृहांत पडद्याशेजारी उभा राहून पाट्या मोठ्याने वाचणारा आणि प्रसंग समजावून सांगणारा माणूस नेमलेला असे. विदेशी चित्रपटात तो पात्रांना ओळखीची नावेही देई. पौराणिक चित्रपटांना त्याची गरज तुलनेने कमी भासे, कारण कीर्तन, पोथी आणि दशावतारी खेळ यांतून ती कथा प्रेक्षकाला आधीच पाठ झालेली असे. प्रारंभीचे निर्माते पुराणकथांकडे वळले त्यामागे भक्ती होती, तसा हा विचारही होता.

7. जुन्या चित्रपटांतली माणसे एवढी धावपळ का करतात? तेव्हाचे तंत्र कच्चे होते का?

दोष तंत्राचा नसून आपण ते चुकीच्या वेगाने पाहतो. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे असतात. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण 16 ते 20 चित्रे या वेगाने चित्रण होई आणि कॅमेऱ्याचे हँडल सेकंदाला सुमारे दोन फेरे या लयीत फिरवले जाई. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग सेकंदाला 24 चित्रे असा कायम करावा लागला. जुनी फिल्म नव्या वेगाने चालवली, की माणसे पळू लागतात. हजार फुटांचे एक रीळ 16 च्या वेगाने 16 मिनिटे 40 सेकंद चालते. तेच 24 च्या वेगाने 11 मिनिटांच्या जरा पुढे संपते. अर्थात, दुसऱ्या खेळाची गर्दी बाहेर खोळंबली असताना ऑपरेटरने हात जोरात चालवला, तर तेव्हाही माणसे पळतच असत.

हे गणित आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या एका जाहिरातीत 57,000 छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र असे वर्णन होते. चित्रपटाची लांबी सुमारे 3,700 फूट सांगितली जाते. 16 ने गुणले, की 59,200 चित्रे येतात, म्हणजे 57,000 हा आकडा जवळपास बरोबर आहे. दोन मैल म्हणजे मात्र 10,560 फूट, त्यामुळे तो भाग निव्वळ अतिशयोक्तीचा आहे. हँडबिलावरील ‘भव्य’, ‘प्रचंड’ या शब्दांकडे पाहताना असेच गणित मांडून पाहावे.

8. खेळात तीन-चार मध्यंतरे होत असे आजी सांगत असे. ते खरे आहे का?

खरे असणार. एकच यंत्र असलेल्या ठिकाणी प्रत्येक रीळ संपल्यावर खेळ थांबवून दुसरे चढवावे लागे, आणि चार रिळांच्या चित्रपटात असे तीन थांबे येत. दोन यंत्रे आल्यावर हे थांबे गेले आणि एकच मध्यंतर उरले. आठवणीतील थांब्यांच्या संख्येवरून तेथे किती यंत्रे होती, याचाही अंदाज बांधता येतो.

9. तिकीट किती असे, आणि बायका सिनेमाला जात असत का?

सर्वांत स्वस्त जागा जमिनीवर, पडद्याला लागून असे आणि तिचा दर सामान्यतः दोन ते चार आणे असे. त्यामागे बाक, त्यामागे खुर्च्या आणि इमारत मोठी असल्यास वर बाल्कनी, अशी चढती श्रेणी होती. नाटकात पुढची जागा महाग आणि सिनेमात पुढचीच जागा स्वस्त, हा उलटा क्रम एकाच थिएटरात पाहताना लोकांना प्रारंभी चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही.

स्त्रिया जात असत. त्यांच्यासाठी वेगळी बैठक राखलेली असे आणि काही ठिकाणी फक्त स्त्रियांसाठी खेळ लावत. 1896 मध्ये मुंबईच्या नॉव्हेल्टी थिएटरातील खेळांतही पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव जागा होत्या. पौराणिक चित्रपटांनी ही वाट अधिक रुंद केली, कारण देवाचे चित्र पाहायला जाण्यास घरातून विरोध होणे अवघड होते. पडद्यावर मात्र स्त्रिया उशिरा आल्या : ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली, तर त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी काम केले.

10. तेव्हा कोणते चित्रपट लागत? सगळे फाळक्यांचेच का?

नाही. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातही देशात प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपैकी बहुसंख्य विदेशी, त्यातही अमेरिकी होते. भागाभागांनी चालणाऱ्या साहसपटांचा प्रेक्षक मोठा होता आणि एडी पोलोसारखे नट मुलांच्या तोंडी असत.

आमच्या भागाचे भाग्य वेगळे होते, ते कोल्हापूरच्या शेजारामुळे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्याच्या आर्यनमध्ये लागला आणि लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर 1923 मध्ये ‘सिंहगड’ आणि 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ आले. शेतकऱ्याची जमीन कर्जापायी जाते, ही ‘सावकारी पाश’ची कथा माण-खटाव किंवा जतच्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावी लागली नसेल. 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनीही कोल्हापुरातच स्थापन झाली. मिरज जंक्शनमुळे कोल्हापूर आणि पुणे या दोन्ही बाजू सांगलीला जोडलेल्या होत्या. फिल्मचे डबे रेल्वेने येत, आणि सातारा शहरासाठी ते शहरापासून दूर असलेल्या सातारा रोड स्थानकावर उतरवून पुढे आणावे लागत.

11. सिनेमागृहांना परवाना कशासाठी लागत असे? सेन्सॉरसाठीच ना?

सेन्सॉर हा त्यातील एक भाग झाला. पहिली चिंता आगीची होती. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे तो पाण्याखालीही जळत राहतो आणि वाळू टाकूनही सहज विझत नाही. अशी फिल्म कार्बन कांड्यांच्या धगधगत्या आर्क दिव्यासमोरून सरकत असे. ती क्षणभर अडकली तरी पेट घेण्याचा धोका होता. पॅरिसमध्ये 1897 च्या धर्मादाय बाजारात सिनेमाच्या खेळादरम्यान लागलेल्या आगीत सव्वाशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून जगभर याविषयी नियम होऊ लागले. हिंदुस्थानात 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा 1920 पासून अमलात आला. त्यानुसार प्रदर्शनाच्या जागेला परवाना आणि चित्रपटाला प्रमाणपत्र आवश्यक झाले. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. जुन्या सिनेमागृहांत यंत्राची खोली जाड भिंतींची, प्रेक्षागारापासून तोडलेली आणि लहान झरोक्यांची दिसते, ती या आगीच्या भीतीमुळेच. एखाद्या जुन्या गोदामाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मागील भिंतीत, माणसाच्या डोक्याहून उंचावर दोन-तीन चौकोनी झरोके ओळीने दिसले, तर तेथे कधीकाळी सिनेमा चालला असण्याची शक्यता जरूर तपासावी.

12. हा कायदा सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांना सारखाच लागू होता का?

नाही, आणि संशोधन करणाऱ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. सातारा शहर ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे तेथे 1918 चा कायदा थेट लागू होता आणि परवाना देण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे होता. सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत, संस्थानचे स्वतःचे नियम आणि हुकूम चालत. मिरजही संस्थानी होते, पण ते वेगळे संस्थान.

आजच्या जिल्ह्याच्या सीमा डोळ्यांसमोर ठेवल्या तर गोंधळ वाढतो. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे इस्लामपूर किंवा विट्यातील खेळाचा परवाना शोधायचा असेल, तर सातारा जिल्ह्याच्या कागदांत पाहावे लागेल. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ती औंध संस्थानात होती. करमणूक कराचेही तसेच : मुंबई इलाख्यात तो 1923 मध्ये आला, पण संस्थानी हद्दीतील तिकिटावर तोच कर त्याच तारखेपासून होता असे गृहीत धरू नये.

13. बोलपट आल्यावर मूकपटांची थिएटरे लगेच बंद पडली का?

बहुतेक थिएटरे बदलली. ती एका रात्रीत मात्र बदलली नाहीत. बोलपटासाठी ध्वनियंत्रणा, खात्रीची वीज आणि वेग स्थिर ठेवणारी मोटार लागे, आणि हा खर्च लहान गावच्या मालकाला एकदम पेलण्यासारखा नव्हता. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट 1932 मध्ये आला, तेव्हाही अनेक ठिकाणी मूकपटच चालू होते. खरा घाव बसला तो वादकांवर आणि निवेदकांवर. त्यांची उपजीविकाच गेली, आणि सिनेमाच्या इतिहासात त्यांची नावेही क्वचितच नोंदली गेली, याचे वाईट वाटते.

14. हे मूकपट आज पाहता येतात का?

फार थोडे. भारतात सुमारे 1,300 मूकपट तयार झाले असे मानले जाते आणि त्यांपैकी तीसच्या आसपासच, तेही बरेचसे अपुऱ्या स्वरूपात, उरले आहेत. फिल्म जळाली, कुजली किंवा त्यातील चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, ते 1913 च्या मूळ चित्रपटाचे की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मंदाकिनी फाळके यांनी कृष्णाची भूमिका केलेला 1919 चा ‘कालिया मर्दन’ बराचसा टिकला आहे. प्रथमच मूकपट पाहणाऱ्याने त्यापासूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन.

15. माळ्यावर फिल्मचा डबा सापडला आहे. काय करावे?

प्रथम काय करू नये ते सांगतो : काडी लावून पाहू नये, उन्हात वाळवू नये, यंत्रावर चढवू नये, आणि एस.टी.ने किंवा कुरिअरने कोठेही पाठवू नये. डबा देवघर, स्वयंपाकघर आणि विजेच्या बोर्डापासून दूर, थंड आणि हवेशीर जागी ठेवावा. फिल्म 35 मिलिमीटर रुंद असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द रोमन अक्षरांत दिसत नसेल, तर ती नायट्रेट आहे असे समजूनच वागावे. 16 मिलिमीटरची फिल्म बहुधा सुरक्षित प्रकारची असते. छिद्रांच्या दोन ओळींमधील सगळी रुंदी चित्राने व्यापली असेल आणि कडेला ध्वनीची नागमोडी किंवा रेघारेघांची पट्टी नसेल, तर ती मूकपटाची असण्याची शक्यता आहे. पिवळसर किंवा निळसर झाक दिसल्यास तो बिघाड समजू नये. दिवा, रात्र असे प्रसंग दाखवण्यासाठी मूकपटांची फिल्म रंगवली जात असे. चिकट, फेसाळलेली किंवा तपकिरी भुकटी झालेली फिल्म अधिक धोक्याची असते. डब्याचे आणि कडेवरील अक्षरांचे छायाचित्र काढून पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा आणि पुढची हालचाल त्यांच्या सांगण्यानुसार करावी.

16. फिल्म नाही, पण जुने कागद आहेत. त्यांचा उपयोग आहे का?

आहे, आणि पुष्कळ आहे. हँडबिल, तिकिटाचा तुकडा, जागेचा भाडेकरार, वीजबिल, वादकाला दिलेल्या पैशांची नोंद असलेली वही, थिएटरसमोर काढलेला वरातीचा फोटो, यांतूनच लहान शहरांतील सिनेमाचा इतिहास उभा राहतो. हँडबिलावर बहुधा वार आणि तारीख असते, वर्ष नसते. अशा वेळी जुन्या पंचांगाशी वार-तारीख जुळवून आणि ‘केसरी’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’मधील त्या चित्रपटाची जाहिरात शोधून वर्ष ठरवता येते. शोधाची सुरुवात आपल्या शहराच्या नगर वाचनालयापासून करावी. परवान्याचे कागद कोणत्या दप्तरात पाहायचे ते प्रश्न 12 वरून ठरवावे.

सांगलीकरांना एक विशेष विनंती आहे. 2019 च्या महापुरात शहरातील असंख्य घरांचे आणि ग्रंथालयाचे कागद भिजले. जे वाचले त्यांची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी काढून ठेवावीत, मूळ कागद तळमजल्यावर ठेवू नयेत आणि कागदाला प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये, कारण ते नंतर कागद न फाडता निघत नाही. छायाचित्राबरोबर तो कागद कोणाच्या घरी, कोणत्या पेठेत सापडला तेही लिहावे. थिएटरची जागा ठरवताना ही एवढी नोंदसुद्धा उपयोगी पडते.